नानांचा पॉलीसिक्स : दुरुस्त करू, की आहे तसा विकू?

भुसावळकर_७७ (१२ एप्रिल, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

माझे वडील, नाना, रेल्वेत फिटर होते आणि रात्री ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. १९८६ साली त्यांनी मुंबईच्या एका वादकाकडून वापरलेला, कॉर्ग कंपनीचा पॉलीसिक्स घेतला. त्यासाठी आईची एक पाटली मोडली. आई ती गोष्ट अजून सांगते, पण रागाने कधीच नाही. गणपती-नवरात्रात रोज वेगळं गाव : पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर, रावेर. लोक त्याला 'कॅसिओ' म्हणायचे आणि नाना प्रत्येकाला न कंटाळता 'कॅसिओ नाही हो, सिंथेसायझर' असं सांगायचे. १९९८ च्या सुमाराला तो माळ्यावर गेला. नाना जाऊन चार वर्षं झाली.

आता जुनं घर पाडून नवं बांधायचंय. माळा रिकामा करताना गोधडीत गुंडाळलेला पॉलीसिक्स निघाला. सोबत एक जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर, एक पेडल, नानांची वही आणि तीन कॅसेटी. दोन गाण्यांच्या आहेत, तिसरी खराब झालीय, नुसतं किर्रर्र वाजतं. शेजारी पूर्वी जिनिंग होतं, त्यामुळे बटणांच्या फटींत कापसाचे तंतू बसलेत. एक किल्ली खाली बसलीय ती वर येत नाही.

पैशांची गरज आहे, खोटं कशाला बोलू. प्रश्न असा की, दुरुस्त करून विकावा की आहे तसा? दुरुस्त कोण करेल? उद्या प्लगमध्ये लावून बघणार आहे.

रानमेवा (१२ एप्रिल, रात्री १०.२१)

लावू नका!!! सविस्तर कोणीतरी लिहीलच, पण आज प्लगला हात लावू नका.

सोल्डरताई (१२ एप्रिल, रात्री ११.०२)

रानमेवा बरोबर सांगतायत. दादा, दोन कारणं आहेत.

पहिलं, व्होल्टेज. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते आणि तिथल्या बाजारासाठी बनलेली बरीच वाद्यं त्याच काळात आपल्याकडे आली. मागच्या बाजूला वायर जिथे आत जाते तिथली पट्टी वाचा. १०० लिहिलं असेल आणि तुम्ही २३० व्होल्टवर लावलात, तर आतला ट्रान्सफॉर्मर तिथल्या तिथे जळेल. तुमच्याकडे जो लोखंडी ठोकळा निघालाय तो स्टेप-डाऊन, म्हणजे २३० चे १०० व्होल्ट करणारा असणार.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पॉलीसिक्स १९८१ चा, अॅनालॉग. त्यात ३२ आवाज साठवायची सोय होती आणि ती आठवण टिकवायला केएलएम-३६७ नावाच्या बोर्डावर निकेल-कॅडमियमचा रिचार्जेबल सेल सोल्डर केलेला असतो. असला कुठलाही सेल इतक्या वर्षांनी गळतोच. आतून जे बाहेर येतं ते अल्कली असतं, ते तांब्याच्या रेघा खातं, आयसीच्या (चिपच्या) पायांतून सॉकेटमध्ये उतरतं. त्याच बोर्डावर वाद्याचा मेंदू आहे. म्हणजे कुठली किल्ली दाबली, कुठल्या आवाजाला काम द्यायचं, सूर किती व्होल्टचा, हे सगळं. जगभर बंद पडलेल्या पॉलीसिक्सपैकी बहुतेक या एका सेलापायी बंद पडलेत. आणि ही गळती वाद्य बंद असतानाही चालूच राहते. माळ्यावर पंचवीस उन्हाळे, तेही भुसावळचे!

म्हणून विकायचं की ठेवायचं हे नंतर ठरवा. आधी तो सेल बाहेर काढा. ओळखीत सोल्डरिंग येणारं कोणी असेल तर उद्याच.

केळीबाग (१३ एप्रिल, सकाळी ७.४०)

माझं मत वेगळं आहे. आहे तसा विका. मी जुन्या रेडिओंचा व्यवहार करतो. खरी किंमत देणारा माणूस 'हात न लागलेलं' मागतो. हौशी माणसाने सोल्डरिंग गन घेऊन आत गोंधळ घातला की भाव पडतो. मूळ रंग, मूळ स्क्रू, धुळीसकट. स्वच्छ फोटो काढा, 'चालू करून पाहिलेला नाही' असं स्पष्ट लिहा, मोकळे व्हा.

सोल्डरताई (१३ एप्रिल, सकाळी ८.१५)

केळीबाग दादा, रेडिओच्या बाबतीत मान्य, तो कपाटात शोभेलाही ठेवतात. सिंथेसायझर घेणारा वाजवायला घेतो. आणि गळणारा सेल आत ठेवून विकायचा म्हणजे पुढच्याच्या घरी पोचेपर्यंत आणखी दोन रेघा गेलेल्या असतात. हौशी हाताबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. जाड टोकाच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने पातळ रेघा उचकटलेले बोर्ड मी पाहिलेत. म्हणून मी 'सेल काढा' म्हटलं, 'दुरुस्त करा' म्हटलं नाही.

आखाजीनाझोका (१३ एप्रिल, सकाळी ९.०५)

इकू नको भाऊ. नानानी आठवण शे ती.

प्राजक्त (१३ एप्रिल, सकाळी ९.३०)

मला काहीच कळत नाही यातलं, पण पाटली मोडून घेतलेलं वाद्य वाचून थांबले. वाचतेय.

भुसावळकर_७७ (१३ एप्रिल, रात्री ९.५०)

पट्टीवर १०० व्होल्टच आहे. ताई, काल तुम्ही लिहिलं नसतं तर आज सकाळीच धूर निघाला असता.

कॉलनीतल्या एका टीव्ही मेकॅनिककडून झाकण उघडून घेतलं. सेलाच्या भोवती निळसर-हिरवी बुरशी जमलीय, नळाच्या जुन्या पितळी तोटीवर येते तशी. बोटाएवढ्या जागेत रेघा काळ्या पडल्यात. त्याने दोन पाय कापून सेल बाहेर काढला, बाकी कशाला हात लावला नाही. मी मध्येच त्याला थांबवलं, 'यात नानांचे आवाज असतील ना, ते जातील'. तो म्हणाला, सेल मेलेला आहे, आवाज केव्हाच गेले. खरं आहे का?

सोल्डरताई (१३ एप्रिल, रात्री १०.१०)

हो दादा. सेल संपला की आठवण पुसते. ती वीसेक वर्षांपूर्वीच गेली असणार.

आता स्वच्छता. पांढरं व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर असतं ते. इअरबड त्यात बुडवून हिरव्या भागावर हलकेच फिरवा, थोडं फसफसेल. फसफसणं थांबेपर्यंत करा. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. कॅडमियम विषारी आहे, तो सेल घंटागाडीत टाकू नका, बरणीत बंद करून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

गोटीसोडा (१३ एप्रिल, रात्री १०.२८)

आमच्याकडे बॅटरीच्या टर्मिनलवरची बुरशी खायच्या सोड्याने काढतात. व्हिनेगरने आणखी गंजेल ना?

सोल्डरताई (१३ एप्रिल, रात्री १०.३५)

गाडीच्या बॅटरीत आम्ल असतं, म्हणून तिथे सोडा. निकेल-कॅडमियममध्ये अल्कली असतं, म्हणून सौम्य आम्ल. सोडा इथे निरुपयोगी. व्हिनेगर मात्र नंतर पूर्ण धुऊन निघालं पाहिजे, तुमची भीती तिथे योग्य आहे.

टेपडेक (१४ एप्रिल, दुपारी २.१२)

सगळे सेलाबद्दल बोलतायत, मी त्या तिसऱ्या कॅसेटीवर अडकलोय.

भुसावळकर भाऊ, किर्रर्र आवाज कसा आहे? सुरुवातीला एक सलग लांब शिट्टी आणि मग दाटीवाटीची खरखर, असा? तसं असेल तर कॅसेट खराब झालेली नाही. ती फेकू नका. पॉलीसिक्सला मागे टेपची सोय आहे. मेमरीतले ३२ आवाज ध्वनीच्या रूपात साध्या कॅसेटीवर उतरवून ठेवता येतात आणि नंतर तीच कॅसेट वाजवून परत वाद्यात भरता येतात. वाद्यं एकमेकांना आणि कॉम्प्युटरला जोडायचं मिडी १९८३ मध्ये आलं, त्याआधी ही पद्धत सर्रास होती. गाणं म्हणून ऐकलं तर ते किर्रर्रच वाजणार.

वहीत काय आहे ते बघा.

भुसावळकर_७७ (१४ एप्रिल, रात्री ८.४०)

हात थरथरतायत लिहिताना.

अगदी तुम्ही म्हणता तसंच आहे, आधी शिट्टी, मग खरखर. वही काढली. मला वाटायचं त्यात गाण्यांच्या पट्ट्या आहेत. त्या आहेतच, पण मागून उघडली की चार पानं रकाने आखलेली. ए-१ ते डी-८, म्हणजे चार आठे बत्तीस. नानांच्या अक्षरात नावं : 'ए-३ पुंगी', 'बी-१ मोरपीस', 'बी-६ मोठी शहनाई', 'सी-२ थंडीचा', 'डी-८ इंजिन'. काहींच्या पुढे गावांची नावं. डी-७ ला फक्त एक रेघ, नाव नाही.

ही कॅसेट आम्ही लहानपणी 'भुताची कॅसेट' म्हणून एकमेकांना घाबरवायला लावायचो.

प्राजक्त (१४ एप्रिल, रात्री ८.५२)

आता हा धागा संपेपर्यंत मी कुठेही जात नाही.

टेपडेक (१४ एप्रिल, रात्री ९.२०)

मग आता फार जपून. ती पुन्हा पुन्हा वाजवू नका. इतकी जुनी कॅसेट वाजवायच्या आधी आतली स्पंजाची गादी बघा, गोंद सुटून ती पडलेली असते आणि मग टेप हेडला नीट चिकटत नाही. गादी दुसऱ्या कॅसेटीतून बसवता येते. डेकचं हेड अल्कोहोलने पुसा. डेकवरचं डॉल्बीचं (खरखर कमी करायचं) बटण बंद. एकदाच शेवटपर्यंत वाजवून कॉम्प्युटरवर वेव्ह फाईल करा, एमपी३ नाही, दाबलेल्या फाईलमध्ये हा डेटा बिघडतो. आवाज दबका आला तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू किंचित फिरवून सर्वात तेज आवाज येईल तिथे थांबा. एकदा फाईल झाली की कॅसेट कपाटात.

मराठीवाचक (१५ एप्रिल, सकाळी ११.००)

अज्ञानाबद्दल क्षमस्व. अॅनालॉग म्हणजे नेमकं काय? माझ्या मुलाच्या कीबोर्डवर सहाशे आवाज आहेत, याच्यात बत्तीस. मग याला किंमत का?

ऑर्केस्ट्रावाले_काका (१५ एप्रिल, दुपारी १२.४५)

मी सांगतो. मी जळगावात ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचो, आता वय झालं.

तुमच्या मुलाच्या कीबोर्डात आवाजांचे साठवलेले फोटो आहेत असं समजा. किल्ली दाबली की फोटो समोर येतो, दर वेळी तोच. अॅनालॉगमध्ये आवाज त्या क्षणी आत तयार होतो. ऑसिलेटर विजेची एक लाट सोडतो, ती खरबरीत आणि चमकदार असते. मग फिल्टर तिच्यातला वरचा चकचकाट कापतो. किती आणि किती वेळात कापायचा ते बटण तुमच्या बोटाखाली असतं, वाजवता वाजवता फिरवायचं. पॉलीसिक्समध्ये अशा सहा जणांची रांग आहे, म्हणून सहा सूर एकत्र. सहाही जण अगदी एकसारखे नसतात, त्यामुळे स्वर पट्टीने आखल्यासारखा येत नाही, त्यात जीव राहतो. वर 'अन्साँबल' म्हणून एक बटण. ते दाबलं की एका माणसाचं व्हायोलिन सेक्शन व्हायचं. आमच्यासारख्या गावच्या ऑर्केस्ट्राला व्हायोलिनवाले परवडत नव्हते, ते बटण परवडलं.

उन्हाळ्यात मात्र परीक्षा असायची. मे महिन्यात लग्नाचा कार्यक्रम, पत्र्याचा मंडप, दिवसभराची ४५ अंशांची धग. असलं सर्किट तापलं की सूर सरकतो. जाणता वादक तासभर आधी वाद्य चालू करून ठेवायचा आणि मग हार्मोनियमशी मिळवायचा. बासरीवाले, गायक, सगळे त्याच्यासाठी थांबायचे.

भुसावळकर, एक विचारू? तुमचे नाना उंच, चष्मा, वाजवताना डावा पाय ठेक्यात आपटायचे का?

भुसावळकर_७७ (१५ एप्रिल, दुपारी १.३०)

काका, हो!! त्या पायाने घरची फरशी सैल झालेली आहे. तुम्ही ओळखत होतात?

ऑर्केस्ट्रावाले_काका (१५ एप्रिल, दुपारी १.४१)

तीन हंगाम एकत्र वाजवलंय आम्ही. नाव इथे लिहीत नाही, निरोप पाठवतो.

चौथीमाळी (१५ एप्रिल, संध्याकाळी ६.१०)

डीएक्स७ पण अॅनालॉगच ना? माझ्या काकांकडे होता.

रानमेवा (१५ एप्रिल, संध्याकाळी ६.१८)

नाही. यामाहा डीएक्स७, १९८३, तो डिजिटल, एफएम पद्धतीचा (रेडिओचा एफएम नव्हे, एका लाटेने दुसरी हलवून आवाज बनवायची पद्धत). तो आणि त्याच्या जातीचे आले म्हणून तर लोकांनी अॅनालॉग कवडीमोलाने काढून टाकले. नानांना १९८६ मध्ये पॉलीसिक्स एका पाटलीत मिळाला, त्याचं कारण कदाचित तेच असेल.

सोल्डरताई (१६ एप्रिल, सकाळी ७.५५)

दादा, रात्रभर तुमच्या कॅसेटीचाच विचार करत होते. धुळ्यात माझं दुकान आहे, पॉवर अॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्तीचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी माहेरी, फैजपूरला येतेय. भुसावळ तिथून जवळ. येताना मीटर, ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र), बारीक टोकाची इस्त्री घेऊन येते. दोन दिवस द्या. मजुरी घेणार नाही, आईंच्या हातची खापरावरची पुरणपोळी घेईन.

आखाजीनाझोका (१६ एप्रिल, सकाळी ८.०२)

आखाजीले माहेर येसाठी लेकी झोका खेळतीस, हाई ताई सोल्डरिंग करी! जबरदस्त.

केळीबाग (१६ एप्रिल, सकाळी ८.३०)

मी माझं वरचं मत बदलतो. ताई करणार असतील तर दुरुस्त करा. फक्त एक पाळा : काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवा. विकताना सोबत द्या. घेणाऱ्याचा विश्वास त्यानेच बसतो.

भुसावळकर_७७ (३ मे, रात्री ११.३०)

उशीर झाला, क्षमा करा. जरा सविस्तर लिहितो, कारण कोणाच्या माळ्यावर असंच काही असेल तर उपयोगी पडेल.

ताई सकाळी आल्या. सगळ्यात आधी बोर्डावरच्या प्रत्येक रेघेवर मीटरचा बझर लावून बघितला, वाजला तर रेघ जिवंत. माझ्या हातात बोर्डाच्या फोटोची प्रिंट, मी मेलेल्या रेघांवर लाल खूण करत होतो. अकरा निघाल्या. वरून धड दिसणाऱ्या काही रेघासुद्धा आतून तुटलेल्या होत्या. ताईंनी केसासारख्या बारीक इन्सुलेटेड तारेने त्या अकराही जोडल्या. आयसीची दोन सॉकेट कुजली होती, ती बदलली. मूळ सेलाच्या जागी लिथियमचं ३ व्होल्टचं नाणं बसवलं, होल्डरसकट. इथे त्यांनी मला एक गोष्ट तीनदा सांगितली, ती लिहितो : जुना सेल चार्ज होणारा होता, त्यामुळे सर्किट त्याला चार्ज करायला जातं. लिथियमचं नाणं चार्ज केलं तर फुटतं. म्हणून मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घालावाच लागतो. आणि नवा सेल बोर्डापासून लांब, तारेवर, म्हणजे पुन्हा कधी गळला तरी बोर्डावर नाही.

दुपारी पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर बदलले, १०५ अंशांपर्यंत टिकणारे. उष्णतेने कॅपॅसिटर आतून सुकतात, दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं म्हणे. आपल्याकडे म्हणून ते बदलावेच.

मग सिरीज बोर्ड. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब, त्याच्यातून नानांचा स्टेप-डाऊन, त्याच्यातून पॉलीसिक्स. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि वाद्य वाचतं. बल्ब क्षणभर चमकला आणि मंद झाला. पॅनलवरचे लाल दिवे लागले. आई दारात उभी होती, तिने नमस्कार केला.

आवाज आला, पण सहापैकी पाच जणांचाच. एकच किल्ली सहा वेळा दाबली की काम आळीपाळीने सहाही जणांकडे जातं, चौथ्या वेळी शांतता. मी फिल्टरची आयसीच गेली असं धरून चाललो होतो. मूळची एसएसएम २०४४ बनायची कधीच बंद झालीय. तिचीच पुढची पिढी, एसएसआय २१४४, नवी मिळते, पण तिचा आकार वेगळा, अडॅप्टर लागतो. ताई म्हणाल्या, विकत घ्यायच्या आधी शोधू. स्कोप लावून सिग्नल कुठपर्यंत येतो ते पाहत गेल्या आणि एका जोडावर थांबल्या. सोल्डरला कडेने गोल चीर होती. इस्त्री टेकवली, चौथा माणूस गायला लागला.

दुसऱ्या दिवशी किल्ल्या. सगळ्या काढल्या, साबणाच्या पाण्यात धुतल्या, सावलीत वाळवल्या. खालचे कॉन्टॅक्ट अल्कोहोलने पुसले. कापूस एवढा निघाला की आई म्हणाली वात होईल. एका किल्लीखाली तिकिटाचा तुकडा निघाला, पाचोरा–भुसावळ, पुठ्ठ्याचं जुनं तिकीट. तो मी ठेवून घेतलाय. अर्धा तास तापवून मग सूर मिळवले, थंड असताना मिळवले तर टिकत नाहीत.

शेवटी कॅसेट. टेपडेक भाऊंनी सांगितल्याप्रमाणे गादी बदलून फाईल केली होती. मोबाईलवरून वाजवून वाद्यात भरायला गेलो, तीनदा फसलं. आवाज कमी होता. मोबाईल बंद करून लॅपटॉपवरून, आवाज जवळजवळ पूर्ण वाढवून चौथ्यांदा केलं. आणि भरलं.

मी वही उघडली. ताई म्हणाल्या, तुम्ही दाबा. मी डी-८ दाबलं. 'इंजिन'. सगळ्यात खालची किल्ली धरून ठेवली, आधी फुसफुस, मग हळूहळू चढत जाणारी शिट्टी. भुसावळ यार्डातली, वाफेच्या इंजिनाची. नानांनी उमेदवारीत रोज ऐकलेली. आई स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणत बाहेर आली. मग तिचं तिलाच कळलं, आणि ती ओट्याशी जाऊन उभी राहिली.

प्राजक्त (३ मे, रात्री ११.४२)

रडतेय. बाकी काही लिहिता येत नाही.

टेपडेक (४ मे, सकाळी ६.५०)

त्या फाईलच्या तीन प्रती करा, तीन वेगळ्या ठिकाणी. आजच.

सोल्डरताई (४ मे, सकाळी ८.२०)

पुरणपोळ्या चार खाल्ल्या, हे दादांनी लिहिलं नाही. काकूंना सांगा, आमटीची कृती पाठवा.

गव्हाणी (४ मे, दुपारी ३.३०)

मूळ प्रश्नाकडे येऊ का? विकायचा आहे ना? मी तीन-चार जुनी वाद्यं विकलीत, त्यावरून सांगतो.

किंमत ठरवताना जाहिरातीतले आकडे बघू नका, तिथे कोणीही काहीही लिहितं. परदेशी संकेतस्थळांवर 'विकले गेलेले' वेगळे बघता येतात, ते बघा. चालू पॉलीसिक्स आणि 'चालू करून पाहिलेला नाही' यांच्यातला फरक तिथे डोळ्यांना दिसेल. आतले सहाही जण एकेक करून ऐकवणारा, सगळी बटणं फिरवणारा एक न कापलेला व्हिडिओ करा. काय बदललं, कधी, कोणी, यादी द्या. आणि १०० व्होल्ट हे जाहिरातीच्या पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर घेणारा घरी जाऊन जाळेल.

फसवणूक होते. 'मी लष्करात आहे, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा' असा फोन येईल. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा.

कुरियरने पाठवू नका. मी एकदा पाठवला, चार किल्ल्या तुटून पोचल्या. घेणाऱ्याला घरी बोलवा, वाजवू द्या, चहा द्या.

शून्यप्रहर (४ मे, संध्याकाळी ७.१५)

कॉर्गनेच २००४ मध्ये पॉलीसिक्सचं सॉफ्टवेअर काढलं. लॅपटॉपवर चालतं. मग एवढा मोठा डबा कोण घेतं, हा प्रश्न विकणाऱ्याने स्वतःला विचारावा.

ऑर्केस्ट्रावाले_काका (४ मे, रात्री ८.००)

सॉफ्टवेअर चांगलं आहे, माझा नातू वापरतो. पण माउसने एका वेळी एकच बटण फिरतं. नाना दोन बटणं एकदम फिरवायचे, एक फिल्टरचं, एक वेगाचं, आणि ते करताना गायकाकडे बघत असायचे. ज्याला तसं वाजवायचंय तो डबाच घेईल.

भुसावळकर_७७ (१ जून, रात्री ९.१०)

गिऱ्हाईक मिळालं. पुण्याची एक मुलगी आहे, नाटकांना पार्श्वसंगीत देते. परवा आईवडिलांना घेऊन आली. तीन तास वाजवत बसली. घासाघीस केली नाही. आकडा लिहीत नाही, पण आजच्या सोन्याच्या भावाने त्या पाटलीचं अर्धंही होत नाही. मी आईला तसं म्हणालो तर म्हणाली, "पाटली लॉकरमध्ये राहिली असती. हा बारा वर्षं गावोगाव फिरला."

अडलंय एका गोष्टीवर. आत नानांचे ३२ आवाज भरलेले आहेत. ते तसेच द्यायचे की पुसून?

केळीबाग (१ जून, रात्री ९.२५)

पुसा. वाद्य विकलंत, नानांची कला विकली नाहीत. उद्या कोणत्या तरी मालिकेत तो आवाज येईल आणि नाव कोणाचंच नसेल.

गव्हाणी (१ जून, रात्री ९.३३)

न पुसता द्या. त्या आवाजांशिवाय तो बाजारातला आणखी एक पॉलीसिक्स आहे. फाईल तुमच्याकडे आहेच.

आखाजीनाझोका (१ जून, रात्री ९.४०)

राहू दे मझार. पन वही देऊ नको, वही घरमाच ठेव.

सोल्डरताई (१ जून, रात्री १०.०५)

आखाजीनाझोका यांच्याशी सहमत. मूळ कॅसेट आणि वही घरी. वहीची झेरॉक्स तिला द्या, नावांसकट. तिने 'मोरपीस' वापरलं तर त्याला मोरपीसच म्हणावं, एवढं सांगा.

भुसावळकर_७७ (२ जून, सकाळी ८.३०)

आईला वाचून दाखवलं. "आत राहू द्या, झेरॉक्स द्या" म्हणाली. तसंच करतो.

मुलीला झेरॉक्सचा फोटो पाठवला तर तिने विचारलं, डी-७ ला नाव का नाही? तो आवाज तिला सगळ्यात आवडलाय. बासरीसारखा आहे, पण श्वास घेताना किंचित खाली घसरतो. काका, रेकॉर्डिंग निरोपात पाठवलंय, ऐका.

ऑर्केस्ट्रावाले_काका (२ जून, दुपारी १२.२०)

ऐकलं. चार वेळा ऐकलं.

चाळीसगावचा कार्यक्रम. बासरीवाल्याची गाडी चुकली, आणि दुसरंच गाणं बासरीचं. नाना पडद्यामागे हेडफोन लावून बसले, मी बाहेर ड्रमवर वेळ काढत होतो, लोक शिट्ट्या मारत होते. वीसेक मिनिटांत हा आवाज बनवून ते बाहेर आले. गाणं झालं. बासरीवाला मध्यंतराला पोचला, त्याने ऐकलं होतं बाहेरून, तो म्हणाला, 'नाना, हा मी आहे.' तो श्वास घेताना खरंच खाली घसरायचा. नाव काय द्यायचं ते त्यांचं ठरलं नव्हतं, बासरी लिहिलं तर तो दुखावेल म्हणाले. म्हणून रेघ.

भुसावळकर_७७ (२ जून, दुपारी १२.५१)

काका, तिला आत्ता हेच जसंच्या तसं पाठवलं. ती म्हणाली, झेरॉक्सवर तीही रेघच ठेवेल.

रविवारी पुण्याला पोचवायचाय. गोधडीतच गुंडाळून, स्टेप-डाऊनसकट.

आखाजीनाझोका (२ जून, दुपारी १.०४)

बोलेरो मनी शे, डिझेल बी मनं. सकायले पाच वाजता दारशी येस. मांगनी सीटवर आडवा ठेवू, आन गोधडी दोन घी ठेव.